वरूडच्या जिभेवर बोर्डो

उभ्या वऱ्हाडात फ्रान्सचं हवामान कळणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. वरूडला त्यांचा संत्र्यांचा बगीचा. एकुलती एक लेक मात्र फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या एका द्राक्षमळ्यावर नोकरीला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती ती दरवर्षी त्याच मळ्याच्या वाइनची, पण वेगळ्या सालाची, एक बाटली धाडते. आणि जन्मात सुपारीचं खांडही न चघळलेले मामा देवघराकडे पाठ करून त्यातली चमचाभर जिभेवर घेतात. पेल्यात ओतली की दारू, चमच्यात ओतली की औषध, असा त्यांचा कायदा. मग डोळे मिटून निकाल. "झाड तेच, माती तेच, पन साल बदललं का रस बदलते, जवाईबापू. हे पानचट हाय. तोडनीच्या टायमाले पाऊस झाला असन." लगेच फोन. लेक म्हणते, "हो बाबा, झाला होता." मग मामा माझ्याकडे असं बघतात, जसा काही तो पाऊस त्यांनीच पाडला.

पण पाऊस हे नुसतं निमित्त. लेक फोनवर नेहमीच 'मजेत आहे' म्हणते, आणि मामांचा भरवसा फोनपेक्षा बाटलीवर. ती तिथे गेली त्या सालची वाइन तोंड आवळणारी तुरट निघाली, तेव्हा ते मामींना म्हणाले, "पोरीले करमत नव्हतं."

"तिनं काय रडून भरली बाटली?" मामी म्हणाल्या. मामांनी ऐकलं नाही.

गेल्या वर्षीची बाटली आधी माझ्याकडे अकोल्याला उतरली. वाइन मुरते, एवढं मला ठाऊक होतं. आणि मुरण्याचं शास्त्र मी आईच्या लिंबाच्या लोणच्यावरून शिकलेलो. ऐन मे महिन्यात मी ती गच्चीवर कुरडयांशेजारी ठेवली, तोंडाला फडकं बांधून, चांगली उन्हं दाखवली. वरूडला मामांनी चमचा तोंडात घातला आणि पांढरेफटक पडले. "हे तं जळालं! तिकडं काई तरी झालं. पोरगी लपवून राह्यली आपल्यापासून!" लेक फोन उचलेना. पासपोर्ट नसलेला हा माणूस स्वेटर शोधायला लागला, तेव्हा मला गच्ची कबूल करावी लागली.

"काहून वो जवाईबापू," मामा मटकन बसत म्हणाले, "अकोल्याचं ऊन माह्या पोरीच्या नावावर टाकता?"

यंदा बाटली थेट वरूडला गेली. मामांनी एक चमचा घेतला आणि कधी नव्हे तो दुसराही. "काय साल हाय! कुठं टोचत नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. ते मात्र कितीतरी वेळ चमचाच पुसत बसले.

"मामा, आता काय झालं?"

"काई नाही. चांगलंच झालं." ते बगीच्याकडे बघत होते. "करमाले लागलं तिले तिथं. आता काई ती वापस येत नाही."

पुढच्या बाटलीला पुन्हा थोडं अकोल्याचं ऊन दाखवावं, असं परतताना माझ्या मनात येऊन गेलं.