न धुतलेली चादर

आमच्या लाँड्रीत दाराजवळ दोन खिळे आहेत. एकावर मावशीचा एप्रन, दुसऱ्यावर थोरलीचा. थोरली म्हणजे थोरली मावशी, मावशीची मोठी बहीण. ती जाऊन बरेच दिवस झाले, पण तिचा एप्रन मावशी अजून धुते, इस्त्री करते आणि परत तिथेच टांगते. गिऱ्हाइकं विचारतात, "नवी बाई ठेवली वाटतं?" मावशी म्हणते, "जुनीच आहे."

मावशीचं काम डाग काढायचं. शाई, गंज, तेल, काहीही आणा. एक गृहस्थ कॉलर पुढे करून म्हणाले, "सॉस सांडलाय हो." मावशीने चष्म्यावरून बघितलं. "ओठांच्या आकाराचा?" त्या गृहस्थांचं खाकरणं मी इतकं हुबेहूब काढते की मावशीला इस्त्री बाजूला ठेवावी लागते. तिला हसवायलाच मी नकला करते. थोरली गेल्यापासून तिचं हसू आमच्या नळाच्या पाण्यासारखं झालंय, आलं तर आलं.

या वर्षी ते पारच आटलं. चेहरा पांढरा पडला, बादली उचलली की ती भिंत धरायची. पाळी दोन-दोन महिने गायब व्हायची आणि मग अशी यायची की आठवडा उलटला तरी हटायची नाही. तिने सांगितलं नव्हतं. पण आम्ही एकाच खोलीत झोपतो, आणि मी डोळे उघडायच्या आत तिची चादर दोरीवर असायची. ओली, स्वच्छ, कुठे काही झालंच नाही अशी.

"रोज काय धुतेस गं?"

"घाम येतो."

एकदा दुपारी शेजारची शिंपीणबाई येऊन टेकली. मावशीकडे बघून म्हणाली, "वय झालं बाई. मशीन बंद पडताना खडखडणारच." ती गेल्यावर मी तिची नक्कल सुरू केली, मान तशीच हलवत. आणि रंगात आले की माझं जे होतं तेच झालं, एका आवाजातून दुसऱ्यात घसरले. नाकातून, शेवटचं अक्षर ओढत, आधी बारीकसा खोकला.

"जातंय ते. जाताना दार आपटूनच जाणार की गंऽ."

थोरलीचं वाक्य होतं ते. पाळी कायमची थांबून वर्ष उलटल्यावर तिला परत अंगावर जायला लागलं, तेव्हा याच टेबलाशी, पोटावर हात ठेवून म्हणायची. डॉक्टरकडे नेलं तोवर गर्भाशयातला कॅन्सर पुढे पसरला होता.

मावशी हसली नाही. हातातली इस्त्री तशीच राहिली. तिने आजवर कुणाचा शर्ट जाळला नव्हता. त्या दिवशी जळका वास आला.

"परत म्हण."

"नको ना, मावशी."

"म्हण म्हणते ना."

मी म्हटलं. या वेळी आवाज मी काढायला गेले त्याहून जास्त तिचाच निघाला.

"रोज सकाळी चादर धुताना हेच ऐकते मी," मावशी म्हणाली. "मला वाटायचं, मीच म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त किती जातं?"

मावशीने माझ्याकडे बघितलं.

"अंदाजे? गाठी पडतात? दोन पाळ्यांच्या मधे डाग दिसतो?"

"वाळायच्या आत धुते मी," मावशी म्हणाली. "थंड पाण्यात. बघत नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चोर पळाला, आणि पाऊलखुणा तुम्हीच पुसल्यात." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "या वयात पाळी पुढेमागे होते, कमी-जास्त होते. पण एवढं जाणं तपासायलाच हवं. वयाचं आहे हे सगळ्यात शेवटी म्हणायचं असतं, आधी नाही." त्यांनी सोनोग्राफी केली, गर्भाशयातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि बजावलं, आता धुवायच्या आधी बघायचं.

रिपोर्टची वाट बघत असताना एका सकाळी मला हाक आली. मावशी मोरीत स्टुलावर बसली होती, बादली कोरडी, चादर मांडीवर. आयुष्यभर लोकांचे डाग निरखलेली बाई स्वतःच्या डागाकडे पहिल्यांदाच बघत होती.

"बघ. एवढं जातं. मला एकटीला बघवत नाही."

मी शेजारी उकिडवी बसले. आम्ही दोघी बघत राहिलो.

रिपोर्ट चांगला आला. थोरलीचं दुखणं नव्हतं. आत एक साधी गाठ होती, बाकी वयाचा गोंधळ. गोळ्या होत्या, अंगात रक्त भरायला लोहाच्या गोळ्या वेगळ्या. मावशी दवाखान्यातून तडक लाँड्रीत आली आणि दुसऱ्या खिळ्यासमोर उभी राहिली.

"काढ तिचा आवाज."

मी काढला. खोकला, नाक, दार आपटणं, सगळं.

मावशी माझ्याकडे नाही, एप्रनकडे बघत होती. "मी दाखवून आले, ताई," ती म्हणाली. "तुलाही तेव्हाच ओढत न्यायला हवं होतं."

मग तिने इस्त्री लावली. वाफ सुटली आणि एप्रनची नाडी जराशी हलली.

त्यानंतर तो आवाज मी काढलेला नाही. पण कधी कधी नुसतं खोकले तरी मावशी मान वर करते, आणि मीही मागे वळून बघते.