बाबांनी अख्खा ऐकलेला अल्बम

नागपूरच्या विमानतळावर बाबा माझ्याशी बोलले नाहीत. बॅग ट्रॉलीवर चढवली, पट्टा आवळला आणि बाजूला उभे राहिले. ते शाळेत संगीत शिकवायचे. मलाही गाणं त्यांनीच शिकवलं होतं, आणि विशारदची परीक्षा तोंडावर असताना मी ते सोडून कॉलेजच्या रॉक बँडमध्ये गायला लागले होते. आम्हाला तेव्हा एका डच बँडच्या पहिल्याच अल्बमनं झपाटलं होतं. गिटार, ऑर्गन, मागे व्हायोलिनांचा ताफा, आणि सगळ्या गाण्यांची मिळून एकच गोष्ट: समुद्र अडवणारा बांध राखणारी एक बाई शेवटी तो बांध सोडून निघून जाते. बाबा एकदाच खोलीत डोकावले. "कान जातील तुझे," एवढंच म्हणाले.

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरची नोकरी, भाड्याचा फ्लॅट, व्हिसाची धाकधूक. घर सोडून आलेल्यांना हे सांगायला नको. फोनवर आई बोलायची. बाबा कुठे विचारलं की ती विषय बदलायची. अशी सात वर्षं गेली.

मागच्या समरला दोघं पहिल्यांदा इकडे आले. नेमका तेव्हाच आमच्या हौशी ग्रुपचा कम्युनिटी हॉलमध्ये कार्यक्रम होता. तोच अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि गाणारी मी. मी आईला म्हटलं, मी नाव काढून घेते. ती कणीक मळायची थांबली.

"तूच सांग त्यांना. मी किती वर्षं तुमच्या मधे उभी राहू?"

सांगितलं. बाबांनी फक्त किती वाजता निघायचं ते विचारलं.

हॉलमध्ये ते स्वेटर घालून तिसऱ्या रांगेत डोळे मिटून बसले होते. झोपले, असं वाटून माझा सूर हलला. मग त्यांचा हात दिसला. गुडघ्यावर मात्रा मोजत होता.

परतताना मी कार चालवत होते, बाबा शेजारी. दुसऱ्या राउंडअबाउटनंतर बाबा म्हणाले, "तिसऱ्या गाण्यात निषादावर घाई करतेस. थांबत जा तिथे."

इतक्या वर्षांनी ते माझी चूक काढत होते. छातीवरचं ओझं उतरलं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ती बाई जाते, तेव्हा घरचे काय करतात?"

"गप्प उभे राहतात, बाबा."

"चुकतं त्यांचं," बाबा म्हणाले. मागच्या सीटवर आईनं डोळ्यांना पदर लावला.

आता कायम राहायची परवानगीही आली आहे. घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी नागपूर म्हणायचे आणि आतून कचरायचे. आता नागपूर म्हणते, ब्रॅकनेलही म्हणते. दोन्हीकडे मोकळ्या गळ्यानं गाते. मला कुणाची चोरी नाही.