कोणती लाईन?

लाईनमामांसमोर ‘लाईन’ हा शब्द एकटा उच्चारायची सोय नव्हती. जळकोट तालुक्यातल्या एका वीज उपकेंद्रात मी रुजू झाले, त्या दिवशी तिथले जुने ऑपरेटर असलेल्या मामांना म्हणाले, “मामा, या लाईनीत मी नवीन आहे.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कोणत्या? धंद्याच्या का तारेच्या?” मला वाटलं, चेष्टा करतायत. तशी ती नव्हती.

आमच्याकडे वीज गेली की लाईन गेली. रेशनच्या दुकानापुढे लाईन, फोन लागला नाही की लाईन बिझी, पोरगं पोरीमागे फिरलं की लाईन मारतंय. एवढासा इंग्रजी शब्द, आणि त्याच्यावर अख्ख्या तालुक्याचं भागतं. मामा मात्र विजेला करंट म्हणत, रांगेला रांग आणि फोनला फोन. “लाईन कवा येनार?” असं कुणी विचारलं की म्हणत, “करंट म्हना, मग सांगतो.” लोक हसायचे. ‘लाईनमामा’ हे नावही त्यांनीच चिडवायला ठेवलेलं.

एका दुपारी फोन आला. “ताई, लाईन सोडा की लवकर!” करंट बंद करून आमची दोन माणसं खांबावर चढली होती. फोन त्यांचाच, काम उरकलं असेल असं समजून मी करंट सोडायला पॅनेलकडे वळले. मामांनी माझं मनगट धरलं आणि फोन स्वतःकडे घेतला. “कोन बोलतंय? कोनती लाईन?” बोलणारा एक शेतकरी होता, त्याची मोटर बंद होती. आमची माणसं अजून खांबावरच होती.

मामांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, त्यांचा जोडीदार बसवराज खांबावर होता. मामा पॅनेलजवळ फोनवर बोलत होते. मागून कारकून म्हणाला, “लाईन सोड की.” त्याला फोन मोकळा हवा होता. मामांनी करंट सोडला. बसवराजचा उजवा हात खांद्यापासून गेला.

“चौकशी झाली, शिक्षा भोगली,” मामा म्हणाले. “शब्दाचा काय दोष? मी इच्चारलं न्हाई.”

“मग त्यांना भेटता का कधी?”

“कोनत्या तोंडानं?”

पुढच्याच महिन्यात मामांच्या निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं. दुसऱ्या सकाळी मामा माझ्या दारात उभे. “उदगीरला येता का ताई? एकट्याला जाववंना.”

बसवराज आपल्या किराणा दुकानात डाव्या हातानं शेंगदाणे तोलत होते. मामांना पाहून तो हात थांबला. मामा चप्पल काढून पायरीशीच उभे राहिले. पाऊल पुढे पडेना.

“हात गेला ते गेलं,” बसवराज म्हणाले. “पर तूबी गेलास. बारा वर्सं वाट बघितली लेका. माजा राग हाताचा न्हाई, त्याचा हाय.”

मग ते उठले आणि मामांचा दंड धरून त्यांना दुकानामागच्या घरात घेऊन गेले. मी पायरीवर बसून राहिले. आतून रडणं ऐकू आलं. शेवटी बसवराजच्या बायकोचा आवाज आला, “भाकरी टाकू का दोघायला?”

संध्याकाळच्या एसटीनं मी एकटीच जळकोटला परतले.