गुहेतून रस्त्यावर नेलेला अपघात

ती घटना आठवली की आजही माझ्या कपाळाची शीर ताठते.

बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याहून थोड्या अंतरावरच्या एका डोंगरात लहानशी गुहा होती. एका वजनदार पुढाऱ्याने तो डोंगर घेतला, गुहेत दिवे लावले आणि पायथ्याशी ‘संस्कृती उद्यान’ उभं केलं. कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता, धनगरवाडा. सुट्टीत गाड्यांची रांग लागायची. मी तेव्हा त्या हद्दीच्या ठाण्याचा प्रभारी होतो.

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी तिशीतला एक मेंढपाळ हात जोडून ठाण्यात आला. सोबत उद्यानाचा व्यवस्थापक.

“सायेब, माझ्या हातून मोटारसायकल घसरली,” मेंढपाळ म्हणाला. “दाजी मागं बसलते. त्यांच्या डोक्याला लई लागलंय.”

दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. उद्यानातल्या धनगरवाड्यात पटका बांधून बसायचं, ही त्याची नोकरी. रुग्णालयातून आलेल्या लेखी खबरीतही वाहन अपघात असंच लिहिलेलं होतं.

“गरीब लोक आहेत साहेब,” व्यवस्थापक म्हणाला. “घरातल्या घरात झालंय. मिटवून टाका.”

आरोपी कबूल, तक्रार कुणाचीच नाही. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली. मला खटकलं ते एवढंच, की मोटारसायकल घसरलेल्या मेंढपाळासोबत व्यवस्थापक स्वतः गाडी काढून ठाण्यात कशाला येईल?

दुसऱ्या दिवशी ठाण्यात एका बाईंचा फोन आला. सिरसाळ्याकडच्या शिक्षिका होत्या.

“साहेब, माझं नाव कुठं घेऊ नका. काल आम्ही घरचे सगळे गुहा बघायला गेलतो. छताचा मोठा तुकडा पडला. कंदील घेऊन पुढं चालणारा माणूस खाली सापडला. आम्हाला मागच्या दारानं बाहेर काढलं, लाईट गेली म्हणून सांगितलं.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “तो माणूस जिवंत हाय का हो?”

मी तडक रुग्णालय गाठलं. जखमी बेशुद्ध होता. गाडीवरून पडलेली माणसं मी नोकरीभर पाहिली. कोपर, गुडघे, तळहात सोलवटलेले असतात. याचे हातपाय धड होते आणि मार नेमका टाळूवर. उशाशी त्याची बायको बसली होती.

“काय झालं, बाई?”

“भाऊ सांगतोय तेच, सायेब. मला दुसरं न्हाई ठाव.”

तोंडाने ती हे म्हणत होती आणि बोटांनी नवऱ्याच्या केसांतून पांढरे खडे वेचून पदरात टाकत होती. दोन पंचांसमोर मी ते पुडीत बांधून जप्त केले.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत, पत्नीला घेऊन, तिकीट काढून मी उद्यानात गेलो. धनगरवाड्यात दुसरा माणूस बसवला होता. त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीत पांढरी पूड अडकलेली.

“घोंगडी तुमची का?” मी विचारलं.

“न्हाई, उद्यानाची हाय. आधीचा माणूस पडलाय आजारी.”

लोक त्याच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढत होते. मी पुढे निघालो.

गुहेत मार्गदर्शक सांगत होता, “ही लोंबती दगडं थेंबाथेंबानं, हजारो वर्षांत तयार झालीत.” पत्नीने एकावर बोटं वाजवली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “अहो, हे पोकळ आहे. आपल्या मखराच्या खांबासारखं वाजतंय.” मूळची गुहा लोकांना साधी वाटू नये म्हणून या मंडळींनी छताला तारांनी प्लास्टर टांगलं होतं. एका जागी दोरी बांधून वाट बंद केली होती. वर ओला गिलावा, त्यातून तुटकी तार बाहेर आलेली.

मेंढपाळाला पुन्हा बोलावलं. हात उगारला नाही. चहा दिला.

“गाडी कोणत्या बाजूला घसरली?”

“डाव्या.”

“मग तुझ्या डाव्या अंगाला ओरखडाही कसा नाही?”

त्याने डाव्या हाताची बाही खाली ओढली. मी पुडी उघडून समोर ठेवली. “हे दाजीच्या केसांतून निघालं. डांबरी रस्त्यावर प्लास्टर कुठून आलं बे?”

तो हमसून रडायला लागला. “काय करू सायेब? मालक म्हणले, तोंड उघडलं तर डोंगरावर एक मेंढरू चढू देणार न्हाई. आमची समदी मेंढरं त्याच डोंगरावर जगत्यात. दाजी तर पडलेतच. मेंढरं बी गेली तर बहिणीनं काय खायाचं?”

“दवाखान्यात लगेच नेलं?”

“न्हाई. गर्दी हटंपर्यंत गोदामात खुर्च्यांमागं निजवलंतं.”

माझ्या हातातला कप मी टेबलावर असा आपटला की बाहेरचा शिपाई आत धावत आला. बाहेर तिकिटं फाटत होती आणि फुटल्या डोक्याचा माणूस खुर्च्यांच्या ढिगामागे पडून होता. व्यवस्थापकाला ताब्यात घेऊन विचारलं, तर म्हणतो, “साहेब, पर्यटक घाबरले असते.”

गुहेचा पंचनामा करून ती सील केली. वरून फोन आला : “ऐन सुट्टीत बंद कशाला करता?” मी म्हणालो, “उघडायचा आदेश लेखी पाठवा.” लेखी आदेश आला, पण माझ्या बदलीचा. तोपर्यंत मालकासह सगळ्यांवर दोषारोपपत्र गेलं होतं.

दाजी वाचला. डोक्याच्या माराने डावा हात मात्र कामातून गेला. खटल्यात बचावाच्या वकिलाने त्याला विचारलं, “तुम्ही मेंढपाळ. गुहेत कशाला शिरलात?”

“कंदील धर म्हणले, धरला,” तो सावकाश म्हणाला. “मेंढरं राखायचं सोंग करायला ठेवलंतं मला. खरी राखायला डोंगरावर जायाचं तर त्यांनाच इचारावं लागतंय.”

व्यवस्थापक आणि प्लास्टर टांगणाऱ्या ठेकेदाराला शिक्षा झाली. रोजच्या कारभाराशी आपला संबंध नाही, असं सांगून मालक सुटला. त्याचे सत्कार अजून होतात.

त्या प्रकरणापासून मी हाताखालच्या पोरांना सांगत आलो : आरोपी कबूल असेल, फिर्यादी नसेल आणि कागद सगळे जागच्या जागी असतील, तर फाइल बंद करू नका, घटनास्थळी जा. आरोपीने काय केलं याच्या आधी, त्याला इथे कुणी पाठवलं ते विचारा.

पोलिसांना, पुढाऱ्यांना शिव्या देणारे मला पुष्कळ भेटतात. द्या, आमच्यात खोट आहेच. पण त्या दिवशी ती गुहा माणसांनी भरलेली होती. छत पडताना सगळ्यांनी पाहिलं, किंकाळी सगळ्यांनी ऐकली. फोन केला एका बाईने, आणि नाव घेऊ नका म्हणणाऱ्या त्याच बाई पुढे कोर्टात साक्षीला उभ्या राहिल्या. बाकीच्यांनी मागच्या दाराने बाहेर येऊन पुढचं उद्यान बघितलं.