आक्काला आणायला नव्या गाडीतून

केडगावहून निघालो तेव्हाच माझं डोकं ठणकत होतं. नव्या गाडीचा तो रबर-डिंकासारखा कोंदट वास, आणि त्यावर मी हौसेने टांगलेली अत्तराची बाटली. सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच. ते थोरल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, हातानेच निघायचं, असा आप्पांचा, माझ्या वडिलांचा, हट्ट होता. आत्या बरेच महिने आजारी. तिला शिंगणापूरहून चार दिवस माहेरी आणायचं, एवढा एकच ध्यास आप्पांनी घेतला होता.

नगर ओलांडलं आणि ऊन चढलं. दोन्हीकडे ऊस तुटून गेलेली उघडी रानं, वर धुळकट आभाळ. हा रस्ता मला कधीच एवढा उदास वाटला नव्हता. घोडेगावजवळ रसवंतीवर थांबलो. बैल चरक (रस काढायचा लाकडी घाणा) ओढत होता. रसवाल्याने गाडीत डोकावून नाक मुरडलं.

"प्लास्टिक काढा की पावनं. नवरी हाय का झाकून ठिवायला?"

"आक्का बसल्याबिगर न्हाई," आप्पा म्हणाले.

"मग काचा तरी उघड्या ठिवा. उन्हात लई उबतंय ते."

पण आत धूळ बसेल म्हणून आप्पांनी काचा बंदच ठेवायला लावल्या. रस आलं-लिंबू घातलेला, छान होता. मला निम्माच गेला.

शिंगणापुरात पोचलो. चौकटीतला पडदा सारून, सुनेच्या खांद्याला धरून आत्या बाहेर आली. किती वाळली होती! तरी ओवाळायचं ताट तिने स्वतः धरलं. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकू लावलं. मग सीटवरचं प्लास्टिक ओढू लागली. एकटीला ते निघेना, म्हणून दुसरं टोक आप्पांनी धरलं. दोघं बहीणभाऊ लहान पोरांसारखे हसले. मलाही बरं वाटलं.

तिला बसवून निघालो, तर गाव संपायच्या आत तिला उमासे येऊ लागले. गाडी थांबवली, चारही दारं उघडली, अत्तराची बाटली फेकून दिली. वाऱ्याला जरा बसवून पुन्हा निघालो. वेशीपाशी ती भडाभडा ओकली आणि घामाने ओली झाली. आप्पा उपरण्याने तिचं तोंड पुसत राहिले.

"नामा, मला घरी सोड," ती आप्पांना म्हणाली. "वास गेला की ये. मी कुठं पळून चाल्ले?"

तिला सोडून आम्ही परतलो.

घरी आल्यावर आप्पांनी गाडी लिंबाखाली लावून दारं सताड उघडली. रोज ओल्या फडक्याने आतून पुसायची, ताटलीत लाकडी कोळसा ठेवायचा, आणि सकाळी आत डोकं घालून हुंगायचं. हळूहळू वास ओसरला. "उद्या जाऊ," आप्पा म्हणाले. त्याच संध्याकाळी आत्याच्या सुनेचा फोन आला. आत्या गेली होती.

मातीला त्याच गाडीने गेलो. नवी वस्तू जपण्यात आपण किती जीव घालवतो, आणि जिच्यासाठी जपायची तिला थांबायला वेळ असतोच असं नाही, हेच सारखं मनात येत होतं. मला आप्पांचा रागही येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

परतताना घोडेगाव मागे पडल्यावर आप्पा म्हणाले, "पन बसली हुती आक्का माज्या गाडीत."

"हो आप्पा," मी म्हणालो.

वेशीपर्यंतच बसली होती ती.