माझ्या नावाने रद्द झालेल्या खेपा

भागीदाराने मला फसवलं, आणि माझ्या हातून माझ्या वस्तीला फसवलं.

दुष्काळाची वर्षं होती. पैठण रोडला फ्लॅट आमच्या वस्तीच्या कडेपर्यंत आले होते आणि विहिरी तळाला गेल्या होत्या. मी मेंढरांमागचा माणूस. भांडून, घासाघीस करून टँकर उभे केले. भागीदाराने क्रांती चौकातल्या त्याच्या ऑफिसातून खेपांच्या बुकिंगची वेबसाइट सुरू केली. नियम मी घातला, आमच्या विहिरीवरचा. तिथे घोंगडं ठेवून नंबर लावतात. ज्याचं आधी, त्याला पाणी आधी. दुसऱ्याचं घोंगडं कुणी उचलत नाही. त्याच भरवशावर वेबसाइटचा माझा पासवर्ड मी भागीदाराला सांगून टाकला.

बुकिंग सकाळी सहाला उघडायचं. वस्तीला मात्र खेप मिळेना. एकदा चुलतीने भर रस्त्यात गाठलं.

"काय रं, तुझ्या टँकरला फ्लॅटचा पत्ता घावतो, आमचाच नाय व्हय?"

मी तापलो. "काकू, तुमच्या पोरायला मोबाइल दाबता येईना, त्याला मी काय करू?"

"बरं. मेंढरं इकतो मग. तवा ये टँकर घेऊन, आमचे हात धुवायला."

ते लागलं. वेबसाइटवर कोण, कधी, कुठून आलं याची ओळ सर्व्हर आपोआप लिहितो, त्याला लॉग म्हणतात. त्या ओळी वाचून तक्ता काढणारं सॉफ्टवेअर एक जण भारी भावाने विकत होता. त्याला उठवून लावलं आणि फुकट मिळणारं स्वतः बसवलं. आधी फाइल सापडेना, मग तारखा उलट्या दिसू लागल्या. चौथ्यांदा तक्ता आला.

वस्तीची बुकिंगं सहाच्या ठोक्याला होत होती. पोरांनी मोबाइल बरोबर दाबले होते. पावणेनऊच्या सुमारास मात्र रोज ती एकेक करून रद्द. रद्द करणाऱ्याचं नाव माझं.

हा तक्ता वस्तीत गेला तर माझं कोण ऐकणार? पावणेनऊला मी रोज टँकर भरायला उभा असायचो. मग नावाशेजारचा इंटरनेटचा पत्ता पाहिला. भागीदाराच्या ऑफिसात जाऊन ताडून घेतला. त्याच ऑफिसचा. रद्द झाल्या की आमच्या खेपा तक्त्यात त्याच्या बिल्डर भावाच्या नावावर चढत होत्या, त्याच्या फ्लॅटच्या स्कीममध्ये नव्या भिंतींवर मारायला.

भागीदाराला जाब विचारला तर हसला. "अरे भाई, मशीन है. गलती हो जाती है."

दुसऱ्या दिवशी मागच्या सगळ्या ओळी पुसलेल्या होत्या, आणि नवी ओळ उमटत नव्हती. मी आदल्या दिवशीच छापून घेतल्या होत्या. तोंडी शब्दावर मी कधी व्यवहार केला नाही, फक्त त्याच्याशी केला.

काकूची मेंढरं तोवर विकली गेली होती. वस्तीतलं माणूस आजही माझ्या घरी पाणी पीत नाही.

कागद माझ्याकडे आहेत. भागीदारा, तू वस्तीत ये, काकूसमोर उभा राहा आणि सांग: पावणेनऊला माझ्या नावाने त्या खेपा कुणी रद्द केल्या?