फेब्रुवारीतलं पुस्तक

माझा प्रबंध एकाच वर्षावर होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये प्लेग आला, नाटकगृहं बंद पडली आणि नाटकवाले कविता लिहू लागले, ते वर्ष. पोटासाठी लिहिल्या, असं सगळे म्हणतात. माझं म्हणणं उलटं होतं. कविता आधीच सुरू झाली होती, त्यांच्या मर्जीनं. पुरावा म्हणजे एक छोटं पुस्तक. त्यावर त्याच वर्षाचा फेब्रुवारी छापलेला, आणि नाटकगृहं बंद झाली उन्हाळ्यात.

इथं आखातात, नवरा अस्करच्या कारखान्यात शिफ्टला आणि मुलगी शाळेत गेली की जुफैरच्या फ्लॅटमध्ये मी लिहायला बसायचे. हौस म्हणून नाही. नागपूरकडच्या ज्या कॉलेजात मी पूर्वी तासांवर शिकवायचे, तिथं कायमची जागा निघाली होती. प्रबंध जमा असेल तरच अर्ज. जागा मिळाली की मुलीला घेऊन परतायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते आणि माझं डोकं फिरतं.

अर्जाची मुदत आठवड्यावर आली असताना गाईड मॅडमचा व्हिडिओ कॉल आला.

"अगं, तेव्हा इंग्लंडात वर्ष बदलायचं पंचवीस मार्चला. तुझा फेब्रुवारी त्या वर्षाच्या शेवटी येतो."

म्हणजे पुस्तक नाटकगृहं बंद झाल्यानंतरचं. नाटकवाल्यांनीही माझ्यासारखं पोटासाठीच लिहिलं होतं. माझी सगळी प्रकरणं त्या एका फेब्रुवारीवर उभी होती. मॅडम हळूच म्हणाल्या, "पुन्हा मांडावं लागेल. यंदा नाही जमणार." मला त्यांचा राग आला, आणि त्या बरोबर होत्या म्हणून जास्तच आला.

नवऱ्यानं डबा ओट्यावर ठेवत सगळं ऐकून घेतलं. "आपलं तरी कुठं जानेवारीत सुरू होते वर्ष? मार्च एंडिंग विसरली का तू?"

"अहो, गप्प बसा."

"म्हणजे खलास?"

"खलास."

शिकवायला लागण्याआधी इतकी वर्षं एका ऑफिसात मार्चअखेरचे हिशेब केलेली बाई मी. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

मुलगी दारात उभी होती. "सो वी आर स्टेइंग?" तिनं विचारलं. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी नुसती मान हलवली. ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडली, आणि तिला धरून मी रडले. तिला वाटलं, मलाही आनंद झालाय.